हार्ड डिस्क गेली कुठं?

दोस्तांनो, समजा तुम्ही भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीला राहता. साकोली तालुक्यातलं हे किल्ल्याचं गाव. तुमच्या घरचा संगणक जुना झालाय. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, म्हणून ताईनं नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवायला घेतली. पेन ड्राइव्ह लावली, भाषा निवडली, 'पुढे' म्हटलं आणि... यादी रिकामी! एकही ड्राइव्ह सापडली नाही, अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य तेवढं पडद्यावर.

आता घरात काय बोलणं होईल? "डिस्क जळाली वाटतं. टाकून द्या, नवी घेऊ." झालं! डिस्क भंगारात जाणार आणि तिच्यासोबत दादाच्या लग्नाचे फोटो, बाबांचे हिशेब, ताईचा प्रकल्प, सगळंच जाणार. पण थांबा. डिस्क 'दिसत नाही' म्हणजे ती 'मेली' असं मुळीच नाही, बरं का!

तुमचा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. बांधीत पाणी पोहोचलं नाही, तर आजोबा लगेच 'तलाव आटला' म्हणतात का? नाही. ते नहराच्या काठाकाठानं चालत जातात. दार उघडं आहे का? मध्ये कुठं माती ढासळली का? पाणी कुठपर्यंत आलंय, हे कळलं की अडलंय कुठं तेही कळतं. आपणही तसंच करू या.

आधी बायॉसला विचारा

संगणक सुरू झाला, की सगळ्यांत आधी जागा होतो तो बायॉस. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये राहणारा हा छोटा प्रोग्रॅम. वर्गात बाई हजेरी घेतात ना, तशी तो प्रत्येक भागाची हजेरी घेतो. सिस्टीम बसवणारा प्रोग्रॅम, म्हणजे इन्स्टॉलर, नंतर येतो आणि पुन्हा आपली वेगळी हजेरी घेतो.

म्हणून पहिला प्रश्न हा : डिस्क नेमकी कुणाला दिसत नाही? संगणक सुरू करताच डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबा. कोणती ते कंपनीप्रमाणे बदलतं. सुरुवातीच्या पडद्यावर बहुधा लिहिलेलं असतं. आत डिस्कचं नाव आणि आकार दिसतो का, ते वाचा. फक्त वाचा, काही बदलू नका!

बायॉसलाही दिसत नसेल तर...

तर अडचण बहुधा तारेत, जोडणीत नाहीतर डिस्कमध्येच. संगणक बंद करा, प्लग काढा आणि मोठ्या माणसाला सोबत घ्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कधीही उघडायची नाही. लॅपटॉप असेल, तर तो जाणकारालाच उघडू द्या.

साटा डिस्कला दोन जोडण्या असतात. सात टोकांची अरुंद जोडणी माहितीसाठी आणि पंधरा टोकांची रुंद जोडणी विजेसाठी. यातली एक जरी सैल असली, तरी डिस्क गैरहजर! दोन्ही काढून नीट बसवा. तरीही दिसली नाही, तर केबल दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा. मग केबलच बदलून पाहा. नवी डिस्क घेण्याआधी केबलची परीक्षा घेतलेली बरी, कारण केबल कितीतरी स्वस्त पडते.

त्याहून जुन्या संगणकात चपटी, चाळीस टोकांची पट्टी सापडेल. त्यात एका पट्टीवर दोन डिस्क बसायच्या. थोरली कोण आणि धाकटी कोण, हे 'जंपर' नावाच्या चिमुकल्या टोपीनं ठरवावं लागे. दोघी स्वतःला थोरली म्हणू लागल्या, की भांडण ठरलेलंच!

एक गोष्ट कान देऊन ऐका. फिरत्या तबकड्यांची डिस्क मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेते. ७२०० म्हणजे सेकंदाला १२०! तिच्यातून सारखा टक-टक आवाज येत असेल, तर तिला पुन्हा पुन्हा सुरू करू नका. ती खरंच आजारी असू शकते. आधी आतली माहिती वाचवायची, बाकी सगळं नंतर.

बायॉसला दिसते, पण इन्स्टॉलरला नाही?

ही तर चांगली बातमी! म्हणजे वीज येतेय, तारा ठीक आहेत. इन्स्टॉलरला फक्त डिस्कपर्यंत नेणारा दुभाषी सापडत नाहीये. या दुभाष्याचं नाव ड्रायव्हर.

हे दुखणं जुनंच आहे. २००१ साली विंडोज एक्सपी आली, तेव्हा नव्या प्रकारच्या डिस्कसाठी सुरुवातीलाच एफ-६ कळ दाबायची आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घालायची, अशी रीत होती. पुढं साटा डिस्क आल्या आणि संगणकातून फ्लॉपीची खाचच गायब होऊ लागली. झाली की नाही पंचाईत!

आजही तसं घडतं. इंटेलचे अकराव्या पिढीचे प्रोसेसर २०२० मध्ये आले. अशा आणि त्यानंतरच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी नावाची सोय चालू असते, आणि विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. उपाय असा : लॅपटॉपच्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून साठवणीचा ड्रायव्हर उतरवा, त्याचं गाठोडं सोडून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि इन्स्टॉलरमधल्या 'लोड ड्रायव्हर' या बटणानं तो दाखवा. यादी भरलीच म्हणून समजा.

लिनक्स बसवताना कधीकधी बायॉसमधली 'रेड' ही पद्धत बदलून 'एएचसीआय' करावी लागते. पण सावधान! त्याच डिस्कवर जुनी विंडोज असेल, तर या बदलानंतर ती सुरूच न होण्याची शक्यता असते. म्हणून आधी काय होतं, ते वहीत लिहून ठेवा. गडबड झाली, तर परत तसंच करता येईल.

सापडली! आता जास्त जपा

खरा धोका इथं आहे. यादीत डिस्क दिसली, की आनंदाच्या भरात 'फॉरमॅट' किंवा 'डिलीट' दाबलं जातं, आणि जे वाचवायला एवढा खटाटोप केला तेच पुसलं जातं! म्हणून आधी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फोटो आणि कागदपत्रं उतरवून घ्या. मगच पुढं जा.

यादीत दोन नावं असतील, तर आकारावरून ओळखा. लहान आकाराची बहुधा तुमची पेन ड्राइव्हच असेल. आणि ५०० जीबीची डिस्क ४६५ च दिसली, तर दुकानदारानं फसवलं म्हणू नका. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटींहून थोडे जास्त धरते. भागाकार करून पाहा, जमतो की नाही!

शेवटचा नियम : एका वेळी एकच बदल. केबलही बदलली, सॉकेटही बदललं आणि बायॉसही बदललं, तर डिस्क कशामुळं दिसली हे कधीच कळणार नाही. प्रत्येक बदल वहीत लिहा.

आणि आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी. घरी नाहीच जमलं, तर संगणक साकोलीला किंवा भंडाऱ्याला न्यावा लागेल. तिथं कुणी 'डिस्क गेली' म्हणालं, तर शांतपणे एवढंच विचारा, "बायॉसमध्ये दिसते का? केबल बदलून पाहिली का?" हे दोन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. नवी डिस्क घ्यायला मात्र पडतात, आणि जुने फोटो तर कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.