डेटाबेसशी बोलण्याच्या दोन रीती

बँकेच्या संगणकाकडून खात्यातील शिल्लक मागवायची ती एसक्यूएल भाषेत. व्याजाचा हिशेब मात्र सी किंवा कोबोलसारख्या भाषेतील प्रोग्राम करतो. या दोन भाषांची सांगड कशी घालायची, हा प्रश्न सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपुढे आरंभीच उभा राहतो. त्यासाठी प्रामुख्याने दोन मार्ग आहेत.

पहिला 'एम्बेडेड एसक्यूएल'चा. यात सी भाषेच्या प्रोग्राममध्येच एसक्यूएलची वाक्ये लिहिली जातात. 'प्रीकम्पायलर' ती हेरून त्यांचे सी भाषेत रूपांतर करतो. ओरॅकलचा 'प्रो-सी' व पोस्टग्रेसक्यूएलचा 'ईसीपीजी' हे असे प्रीकम्पायलर होत. दुसऱ्या मार्गात हा मध्यस्थ नसतो. डेटाबेससोबत मिळणारी फंक्शन्स प्रोग्रामर थेट वापरतो. ओरॅकलचा 'ओसीआय' आणि पोस्टग्रेसक्यूएलची 'लिबपीक्यू' ही त्याची उदाहरणे.

थेट मार्ग म्हणजे वेगवान मार्ग, असा सर्वसाधारण समज आहे. तो फारसा खरा नाही. ईसीपीजीने घडवलेला प्रोग्रामही अखेर लिबपीक्यूमार्फतच डेटाबेसपर्यंत पोहोचतो. निवडीचा खरा निकष निराळा आहे: डेटाबेसला विचारायचा प्रश्न केव्हा ठरतो?

पगारपत्रक, खातेउतारा अशा कामांतील प्रश्न आधीच ठरलेले असतात. तेथे एम्बेडेड एसक्यूएल सोयीचे. लिहिणे कमी लागते आणि व्याकरणाच्या चुका प्रोग्राम तयार होतानाच उघड होतात. तशी सूचना दिल्यास प्रो-सी डेटाबेसशी जोडून घेऊन तक्त्यांची व रकान्यांची नावेही पडताळतो. आयबीएमच्या डीबी-२ मध्ये तर माहिती शोधण्याचा आराखडाही आधीच तयार करून ठेवता येतो.

याउलट, कोणते रकाने व कोणत्या अटी हे वापरकर्ता ऐनवेळी ठरवणार असेल, तर थेट फंक्शन्सचा मार्ग अधिक लवचीक ठरतो. एम्बेडेड एसक्यूएलमध्येही हे साधते, पण ते किचकट होते. लवचीकतेची किंमतही मोजावी लागते. मेमरी मोकळी करणे, प्रत्येक फंक्शनचे उत्तर तपासणे ही जबाबदारी प्रोग्रामरवर येते. वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर तसाच वाक्यात जोडला, तर 'एसक्यूएल इंजेक्शन'द्वारे परक्याला खात्यांपर्यंत वाट मिळू शकते. म्हणून मूल्ये वाक्याबाहेर ठेवून 'बाइंड व्हेरिएबल'मधूनच पाठवावीत.

दोहोंपैकी एकाचीच कास धरावी, असेही नाही. ओरॅकलमध्ये एकाच प्रोग्रामात प्रो-सी आणि ओसीआय एकत्र नांदू शकतात. नेहमीची कामे पहिल्याकडे आणि अवघड तेवढी दुसऱ्याकडे सोपवणे, ही व्यवहार्य विभागणी ठरते.