अतामीचा गरम झरा का थांबला?

न्हाणीघरातल्या यंत्राला आपण गिझर म्हणतो. तो शब्द मुळात आइसलंडमधल्या एका झऱ्याचं नाव आहे. हा झरा उकळतं पाणी थांबून थांबून आकाशात उडवायचा. जपानमध्येही अशा जागा आहेत, त्यातल्या दोन आज सांगते.

वज्रेश्वरीची किंवा तुरळची गरम कुंडं तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. तिथलं पाणी वर येतं, पण उडत नाही. उडायला काय लागतं? आपला कुकर आठवा. झाकण घट्ट असलं की आतलं पाणी शंभर अंशांच्या पुढे तापतं. जमिनीतल्या अरुंद भेगेत वरच्या पाण्याचं वजन हेच झाकण. तळाचा खडक तापलेला, त्यामुळे खालचं पाणी तापतच जातं. वरचं थोडं पाणी बाहेर सांडलं की वजन हलकं होतं आणि खालच्या पाण्याची एकदम वाफ होते. ती वाफ वरचं सगळं पाणी घेऊन उसळते. मग भेग पुन्हा भरते, पुन्हा तापते.

जपानच्या इझू द्वीपकल्पावर कावाझू नावाचं गाव आहे. तिथं १९२६ साली बोअर घेताना शंभर अंशांचं पाणी उसळून बाहेर आलं. आज त्या जागी बाग आहे. ठरलेल्या वेळी पाणी सुमारे ३० मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीएवढं उंच जातं. पाहायला आलेली माणसं तिथल्याच गरम पाण्यात अंडी उकडून खातात. सरपण नाही, गॅस नाही!

त्याच द्वीपकल्पावर अतामी हे न्हाण्यासाठी नावाजलेलं शहर आहे. तिथला ‘ओयु’ झरा मात्र निसर्गाचा. पूर्वी तो दिवसरात्रीत सहा वेळा उसळायचा. १८६० साली तिथं आलेल्या ब्रिटिश वकिलाचा, ऑल्कॉक यांचा, टोबी नावाचा कुत्रा त्या पाण्यात भाजून मेला. तेव्हा अशा जागी कठड्याच्या आतच राहायचं, लेकरांचा हात सोडायचा नाही.

पुढे शहरात गरम पाण्यासाठी ठिकठिकाणी बोअर होत गेल्या आणि ओयुचा जोर ओसरला. शेजारच्या शेतात खोल बोअर पडली की आपल्या विहिरीचं पाणी कसं उतरतं, ते तुम्हाला मी काय सांगू? जमिनीवर बांध असतात, खाली पाणी सगळ्यांचं एकच. वर पाण्याचं वजन नाही, तर झाकणही नाही. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर झरा पुन्हा उसळला, पण थोड्याच वर्षांत कायमचा थांबला.

१९६२ पासून तिथं माणसांनी बसवलेल्या यंत्रणेवर पाणी उडतं, दर काही मिनिटांनी. बाजूला टोबीच्या थडग्याचा दगड अजून आहे.