किल्लारीचा भूकंप, मनावरचा आघात आणि जनुकांवरच्या खुणा

३० सप्टेंबर १९९३. पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे १० हजार जीव गेले. वाचलेल्यांच्या अभ्यासात अनेकांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक आजार, असल्याचं आढळलं. पण सगळ्यांना नाही. असं का?

याचं एक संभाव्य उत्तर एपिजेनेटिक्समध्ये आहे. डीएनए तोच राहतो, पण त्याला चिकटणाऱ्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणांमुळे जनुकांचं काम कमी-जास्त होतं. २०१३ च्या एका संशोधनात बालपणी आघात सोसलेल्या, विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्या लोकांमध्ये एफकेबीपी५ या जनुकावर अशा खुणा कमी दिसल्या. हे जनुक शरीराच्या ताणाला मिळणाऱ्या प्रतिसादाशी संबंधित आहे.

हे बदल आजाराचं कारण की परिणाम, हे अजून ठरलेलं नाही. त्यामुळे यावरून निदान करता येत नाही. उपचार मात्र आहेत. म्हणूनच ‘मन घट्ट कर’ म्हणण्याऐवजी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या.