ठोकरून पळालेलं वाहन आणि भरपाई

गळीत हंगामात वारणानगर परिसरातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ असते. अंधारात एखादं वाहन दुचाकीला उडवून पसार झालं, तर भरपाईची वाट एका प्रश्नावर ठरते: वाहन सापडलं का?

नसेल, तर विम्याचा प्रश्नच उरत नाही. १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्रीय योजनेत मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. पूर्वी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते, म्हणजे थट्टाच! अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. महिनाभरात वाहनाचा छडा लागला नाही, तर पोलिसांनी या योजनेची माहिती पीडितांना लेखी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बजावलं आहे. त्यामुळे आधी पोलिसांत गुन्हा नोंदवायलाच हवा.

वाहन सापडलं, पण विमा नाही, ही खरी डोकेदुखी. मग दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, चालक आणि मालक दोघांवर. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. वय, उत्पन्न, अवलंबून असलेली माणसं पाहून रक्कम ठरते. ती २ लाखांच्या कितीतरी पुढे जाऊ शकते. पण ती मालकाच्या खिशातून काढायची! तो देत नसेल, तर न्यायाधिकरणाकडून वसुली दाखला मागता येतो आणि जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात. म्हणून मालकाचा सातबारा, इतर वाहनं यांची माहिती आधीच जमवून ठेवलेली बरी.