स्तंभावरची नावे : कार्ले, सारनाथ आणि चिरनेर

पनवेलहून उरणकडे जाताना चिरनेर हे गाव लागते. स्वातंत्र्यलढ्यातील आठ हुतात्म्यांमुळे या गावाला इतिहासात स्थान मिळाले आहे. दरवर्षी २५ सप्टेंबरला तेथे हुतात्मा दिन पाळला जातो आणि पोलीस पथक मानवंदना देते. अशा स्मारकापुढे आपण क्षणभर थांबतो, हात जोडतो आणि पुढे जातो. परंतु मृतांच्या स्मरणार्थ दगड उभा करावा, त्यावर नाव कोरावे, ही कल्पना आपल्या भूमीत कोठून आली, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात पालि वाङ्मय आणि प्राचीन शिलालेख यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम प्रसंग पाहू. १९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. ज्या भागात मिठागरे नव्हती, तेथे लोकांनी जंगलाचा कायदा मोडण्याचा मार्ग स्वीकारला. कुलाबा जिल्ह्यात मिठागरे होती आणि जंगलेही होती. सरपण, गुरांची चराई, घरासाठी लागणारे लाकूड या नित्याच्या गरजांवर सरकारी जंगल खात्याचा अंमल बसला होता. त्यामुळे जंगल सत्याग्रह हा येथील कष्टकऱ्यांना आपल्या चुलीशी निगडित असलेला प्रश्न वाटला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतील लोक जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी, आनंदा माया पाटील, रघुनाथ मोरेश्वर न्हावी, परशुराम रामा पाटील, हसुराम बुधाजी घरत आणि आलू बेमट्या म्हात्रे हे आठ जण हुतात्मा झाले. पनवेलचे मामलेदार जोशी यांचाही त्याच दिवशी बळी गेला.

ही नावे सावकाश वाचावीत. त्यांत राजा नाही, सेनापती नाही, विद्वान नाही. शेतावर, खाडीत आणि रानात राबणारी ही माणसे होती.

आता पालि वाङ्मयाकडे वळू. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात ‘थूपारह’, म्हणजे ज्यांच्यासाठी स्तूप उभारणे योग्य आहे अशा व्यक्ती, चार सांगितल्या आहेत : तथागत सम्यक्‌संबुद्ध, पच्चेकबुद्ध, तथागतांचा श्रावक आणि चक्रवर्ती राजा. स्तूप कोठे असावा, हेही तेथे सांगितले आहे. तो चार महामार्ग जेथे मिळतात तेथे, म्हणजे आजच्या भाषेत चौकात असावा. त्यामागील कारण लक्षात घेण्यासारखे आहे. मृतास त्या स्तूपापासून काही लाभावे, असा हेतू तेथे नाही. तो पाहणाऱ्याचे चित्त प्रसन्न व्हावे, हा हेतू आहे. स्मारक हे जिवंतांसाठी असते, हा विचार इतक्या स्पष्टपणे मांडणारे प्राचीन वचन विरळाच.

स्तूपाबरोबर स्तंभ येतो. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत त्याला ‘थंभ’ म्हटले आहे. सातव्या स्तंभलेखात अशोक सांगतो की, जेथे शिलास्तंभ किंवा शिलाफलक असतील तेथे हा लेख कोरावा, म्हणजे तो ‘चिलठितिक’, दीर्घकाळ टिकणारा होईल. लुंबिनीचा स्तंभ त्याहून बोलका आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर अशोक तेथे स्वतः आला, त्याने शिलास्तंभ उभारला आणि बुद्धांचे जन्मस्थान म्हणून त्या गावाचा बली हा कर माफ करून उत्पन्नातील राजाचा वाटा एक-अष्टमांश ठेवला. म्हणजे त्या स्मारकाबरोबर गावकऱ्यांच्या माथ्यावरचा भार हलका झाला.

तथापि अशोकाचे चित्र एकरंगी रंगवणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच्याच तेराव्या शिलालेखात अटवीतील, म्हणजे रानातील लोकांना समजावणीबरोबर इशाराही दिलेला आहे. पश्चात्ताप झाला असला तरी राजाच्या हाती सामर्थ्य आहे, याची आठवण तो त्यांना करून देतो. राज्य आणि रानातील माणूस यांच्यातील ताण चिरनेरपेक्षा फार जुना आहे.

अशोकाच्या स्तंभांपैकी सारनाथचा सिंहस्तंभ आज सर्वांना परिचित आहे. १९०४–०५ च्या उत्खननात ओर्टेल यांना त्याचे शीर्ष सापडले. चुनारच्या वालुकाश्मात घडवलेले, आरशासारखी झिलई असलेले हे शीर्ष सुमारे सात फूट उंच आहे. खाली उलटे कमळ, त्यावर गोल पट्टी आणि तीवर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह, अशी त्याची रचना आहे. पट्टीवर हत्ती, घोडा, बैल व सिंह असून त्यांच्या मध्ये चार चक्रे आहेत. सिंहांच्याही वर बत्तीस आऱ्यांचे मोठे धर्मचक्र होते. त्याचे तुकडेच हाती लागले. या रचनेचा अर्थ असा की, सिंह हे राजसामर्थ्याचे प्रतीक मानले तरी ते शिखरावर नाहीत; त्यांच्या माथ्यावर धम्म आहे. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने या शीर्षावरील चक्र राष्ट्रध्वजात घेतले आणि २६ जानेवारी १९५० रोजी हे शीर्ष राजमुद्रा झाले. मुद्रेत खालचे कमळ आणि वरचे मोठे चक्र आलेले नाही. पट्टीवरील चक्र मात्र मध्यभागी आहे.

सारनाथ दूर आहे; कार्ले मात्र बोरघाट चढला की येते. तेथील चैत्यगृहापुढे चार सिंहांचा स्तंभ आजही उभा आहे. तो गोतीपुत्र महारठी अगिमित्रणक याचे दान असल्याचे त्यावरील लेख सांगतो आणि त्यास ‘सिहथभ’ म्हणतो. परंतु कार्ल्याचे खरे वैशिष्ट्य पुढे आहे. त्याच चैत्यगृहावर धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, सिंहदत्त नावाच्या गंधिकाचे आहे, यवनांची आहेत. सत्ताधाऱ्याचे नाव जितक्या आदराने कोरले, तितक्याच आदराने कारागिराचेही कोरले. सामान्य माणसाचे नाव दगडावर यावे, ही गोष्ट महाराष्ट्रात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध लेण्यांनी घडवून आणली.

या स्तंभाशेजारीच एकवीरेचे देऊळ आहे. रायगड जिल्ह्यातील आगरी-कोळी कुटुंबे पिढ्यानपिढ्या तेथे जात आली आहेत. ज्या समाजातून चिरनेरचे सत्याग्रही पुढे आले, त्या समाजाच्या वाटेवर हा सिंहस्तंभ शतकानुशतके उभा आहे.

म्हणून चिरनेरच्या स्मारकाकडे पाहताना दोन परंपरा एकत्र आलेल्या दिसतात. सुत्तातील थूपारह चारच होते. त्यांत चक्रवर्ती होता, कातकरी नव्हता. लेण्यांनी सुताराचे नाव दगडावर आणले, पण ते दाता म्हणून आणि कारागीर म्हणून. ज्याच्यापाशी द्यायला प्राणांखेरीज काही नव्हते, त्याचे नाव आदरास पात्र ठरण्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. चक्रवर्तीसाठी राखलेल्या चौकातील जागेवर आज नवश्या कातकरी आहे, हे प्रजासत्ताकाचे मोठे लक्षण होय.

परंतु सुत्ताचा निकष येथेही लागू आहे. स्मारक पाहून पाहणाऱ्याचे चित्त पालटले पाहिजे. ज्या रानासाठी ही माणसे गेली, त्या रानावर राबणाऱ्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला. अक्कादेवीच्या गोळीबारानंतर तब्बल शहात्तर वर्षांनी. लुंबिनीच्या स्तंभाने गावाचा भार कमी केला होता. आपल्या स्तंभांनी कोणाचा भार कमी केला, हे प्रत्येक मानवंदनेच्या वेळी विचारले जावे. नाव कोरून झाले म्हणजे ऋण फिटले, असे होत नाही.