उपाशी पोटाच्या तक्रारी

ॲनोरेक्सिया या खाण्याच्या विकारात अन्न सतत कमी पडले की जठराची हालचाल मंदावते. मग दोन घासांतच पोट तट्ट फुगते, मळमळते, शौचाला खडा होतो. आणि हेच पुढचे जेवण टाळायला निमित्त ठरते. बुलिमिया या दुसऱ्या विकारात मुद्दाम काढलेल्या उलट्यांच्या आम्लाने दातांचे कवच झिजते, गाल सुजतात, रक्तातले पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते. घरात मात्र ॲसिडिटीची गोळी आणि ‘नखरे’ हा शेरा, एवढ्यावरच भागते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपेट वाढणेही धोक्याचे. रक्तातले फॉस्फेट कोसळू शकते. म्हणून आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेताबेताने वाढवतात. सोबत मानसोपचार हवेतच. ‘टेली-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते, ही सरकारी सेवा २०२२मध्ये सुरू झाली.