मशिन गळतंय? आधी कुकर आठवा!

घरच्या एस्प्रेसो मशिनमधून पाणी ओघळायला लागलं की आपण घाबरून थेट सर्व्हिस सेंटरला फोन लावतो. पण थांबा मंडळी! दुखणं कदाचित एका रबरी रिंगचं असेल.

शनिवारची सकाळ. डोक्यावर सोमवारची डेडलाइन, आठवडाभर मुक्कामाला आलेली आई आणि किचन ओट्यावर माझं लाडकं एस्प्रेसो मशिन. आईसमोर जरा भाव खावा म्हणून ऐटीत बटण दाबलं. कपात पडले कॉफीचे जेमतेम चार थेंब. बाकीची हँडलच्या कडेनं ओघळत ओट्यावर आणि तिथून थेट एक्स्टेन्शन बोर्डाच्या दिशेनं! आईनं आधी मेन स्विच बंद केला. मग शांतपणे म्हणाली, "अगं, हे तर रडतंय."

खरं तर रडायची वेळ माझी होती. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा ऑफिसातला एक मित्र कॅनडाला निघाला होता. त्याचं वापरलेलं मशिन मी १८ हजारांना घेतलं. हिशोब सोपा होता. रोज कॅफेत बसून लिहायचं तर दिवसाला दोन कॉफ्या, म्हणजे बजेटचा बोऱ्या. त्यापेक्षा घरीच कॅफे! आता सर्व्हिस सेंटरला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "मॅडम, बॉयलर असेंब्ली बदलावी लागेल. ११ हजार होतील. त्यापेक्षा नवीनच घ्या ना!" अकरा हजार म्हणजे माझे तीन लेख. आणि त्या महिन्यात छापून आले होते दोनच.

आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "कुकर कडेनं फुसफुसायला लागला की आपण कुकर फेकून देतो का? रिंग बघ त्याची."

नऊपट दाबाचा कुकर

हसू नका, आईचं शंभर टक्के बरोबर होतं. वाफेच्या दाबावर कॉफी काढणाऱ्या मशिनचं पेटंट मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१मध्ये घेतलं. पुढे त्याच शहरातल्या अकिले गाजिया यांनी १९३८च्या आपल्या पेटंटमध्ये वाफेऐवजी दाबाखालचं गरम पाणी कॉफीतून ढकलण्याची युक्ती आणली. कपावर येणारी ती सोनेरी साय, म्हणजेच क्रेमा, ही या दाबाचीच कमाल. शिट्टीच्या वेळी कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो. एस्प्रेसोला लागतो नऊ बार! पाण्याचं तापमान असतं नव्वद-पंचाण्णव अंश. एवढा दाब अडवून धरायला असते एक रबरी रिंग. कॉफीचं हँडल जिथे फिरवून अडकवतो, तिथे वरच्या खाचेत ती बसलेली असते. रोज तापून तापून ती कडक होते. मी नखानं दाबून पाहिली, तर रबर कसलं, चक्क प्लॅस्टिक!

मशिन बिचारं आधीपासून सांगत होतं. हँडल पूर्वी घड्याळातल्या सहाच्या आकड्यावर घट्ट व्हायचं. मग ते पाचपर्यंत सरकायला लागलं. मी मात्र 'हात छान बसला' म्हणून खूश!

गळतंय नेमकं कुठून?

स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी हा प्रश्न विचारा. हँडलच्या कडेनं गळत असेल, तर तीन संशयित. पहिला, रिंगला चिकटलेला कॉफीचा चुरा. ब्रशनं घासा, निम्म्या वेळा तेवढ्यावरच भागतं. दुसरा, फार बारीक दळलेली किंवा ठासून भरलेली कॉफी. पाण्याला वाट मिळाली नाही की ते कडेनं निसटतं. आणि तिसरी, आमची म्हातारी रिंग.

मशिनच्या खाली पाणी साचत असेल, तर आधी ट्रे भरून वाहतोय का बघा. बऱ्याच मशिन्समध्ये कॉफी झाल्यावर उरलेला दाब ट्रेमध्येच सोडला जातो. ती गळती नाही, ते काम आहे. ट्रे रिकामा असेल, तर टाकी जिथे बसते तिथली छोटी ओ-रिंग तपासा. दुधाच्या वाफेची नळी बंद असतानाही थेंब पडत असतील, तर तिच्या व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलेत किंवा तो झिजलाय. मशिन तापताना वरून एखाद-दोन थेंब पडले, तर त्याचं मात्र टेन्शन नको. पाणी तापल्यावर प्रसरण पावतं, एवढंच.

बोहरी आळी झिंदाबाद

मशिनचा प्लग काढला, ते पूर्ण गार होऊ दिलं. जाळीचा स्क्रू काढला, जाळी खाली आली आणि मागे वर्षभराचा काळा थर दिसला. आईनं नाक मुरडलं. कडक झालेली रिंग टोच्यानं उचकटायला पाऊण तास गेला. तिचे तुकडेच झाले. ते पिशवीत घालून मी बोहरी आळीत. दुकानदारकाकांनी आधी व्हर्निअर काढला. "ताई, माप असल्याशिवाय रबर घ्यायचं नाही. अर्ध्या मिलिमीटरनं पण गळतं." जाडी भरली साडेआठ मिलिमीटर. टाकीची ओ-रिंग त्यांनी १५ रुपयांत दिली. मोठी रिंग त्यांच्याकडे नव्हती, पण माप कागदावर लिहून दिलं. त्या मापाची सिलिकॉनची रिंग ऑनलाइन ३५० रुपयांना मिळाली. सिलिकॉन रबरापेक्षा जास्त टिकतं. रिंग येईपर्यंत चार दिवस गेले. सोमवारची डेडलाइन आईच्या चहावर पार पडली.

पाण्याचा फंडा

खडकवासल्याचं पाणी तसं मऊ. पण आमच्या सोसायटीत त्यात बोअरचं पाणी मिसळतं आणि उन्हाळ्यात टँकर येतात. किटलीच्या तळाशी पांढरा थर दिसतो ना? तोच बॉयलरमध्येही बसतो. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एक लिटर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, हो, ढोकळ्यात घालतो तेच. निम्मं पाणी मशिनमधून काढा, वीस मिनिटं थांबा, उरलेलं काढा, मग दोन टाक्या साधं पाणी. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल, तर आधी मॅन्युअल वाचा. व्हिनेगरच्या वाटेला जाऊ नका, वास जाता जात नाही.

एवढं कराच!

• रोज : कॉफी झाली की रिंग आणि जाळी ब्रशनं साफ. वाफेची नळी लगेच ओल्या फडक्यानं पुसा आणि क्षणभर वाफ सोडा, म्हणजे दूध आत सुकत नाही.
• दर आठवड्याला : जाळी काढून धुवा, ट्रे घासा.
• वर्षाकाठी : रिंग तपासा, कडक झाली असेल तर बदला. जुनी काढण्याआधी ती कोणत्या बाजूनं बसलीय याचा फोटो घ्या.
• हँडल जोर लावून आवळू नका. त्यानं गळती थांबत नाही, रिंग लवकर मरते.
• एक्स्टेन्शन बोर्ड मशिनच्या खाली कधीच नको. मशिनच्या पोटात पाणी गळत असेल किंवा मेन ट्रिप होत असेल, तर हिरोगिरी बंद. जाणकार टेक्निशियनलाच बोलवा.

गुरुवारी नवी रिंग बसवली. हँडल बरोब्बर सहाच्या आकड्यावर थांबलं. कडेला थेंब नाही, कपावर सोनेरी साय. ११ हजारांचं काम ३६५ रुपयांत! मी विजयी मुद्रेनं पहिला कप आईपुढे ठेवला. तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी एवढा खटाटोप? कडू आहे गं!"

मग उठून तिनं स्वतःसाठी चहाचं आधण ठेवलं.